थंडीत जास्वंद जगवताना



मागच्या आठवड्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, आणि उठता उठता एक काकू म्हणाल्या, "बाई, माही जासवंद मेली वाटते. सारे पानं पिवये पडले. रोज पाणी टाकतो मी, तरी!"

मी विचारलं, "रोज?"

"रोज. दोन टाइम."

काकूंच्या झाडाला थंडी बाधली होती हे खरं. पण त्याचा जीव घ्यायला निघालं होतं ते हे दोन टाइमचं पाणी. मला हे लगेच कळलं, कारण आमच्या गटानं हीच चूक एकदा केली आहे आणि त्याचे पैसेही मोजले आहेत.

झालं असं, की पावसाळ्यात आम्ही जास्वंदीच्या दोनशे काड्या पिशव्यांत लावल्या. पिशव्या, शेणखत, हिरवी जाळी, सगळा खर्च गटाच्या बचतीतून. विचार असा होता, की माघ महिन्यात गणेश जयंतीला कळंबच्या चिंतामणीला गर्दी होते, तेव्हा रस्त्याच्या कडेला बसून रोपं विकू. दिवाळीपर्यंत रोपं तजेलदार होती. डिसेंबरात गारठा पडला आणि आठ-दहा दिवसांत पानं पिवळी पडून गळायला लागली. मग काय, अंगणातून जी बाई जाईल ती "बिचारं सुकलं" म्हणून तांब्याभर पाणी घालून जाई. आम्ही बाराजणी. कोणी कोणाला विचारलं नाही. जानेवारीत पिशव्या उपसून पाहिल्या तर मुळ्या काळपट, बुळबुळीत, कुजका वास येणाऱ्या. दोनशेतली एकसष्ट वाचली. त्यातली बरीचशी चुलीच्या भिंतीमागं ठेवलेली होती, जिथं कोणाची नजरच गेली नव्हती.

आता हे असं का होतं ते सांगते. जास्वंद मुळात उष्ण प्रदेशातली. मलेशिया देशानं १९६० साली तिला आपलं राष्ट्रीय फूल ठरवलं. तिथं ती 'बुंगा राया' नावानं ओळखली जाते. त्या देशात बारा महिने ऊब आणि पाऊस, थंडी म्हणून नाहीच. आपल्या यवतमाळात मात्र डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या खालीसुद्धा जातो आणि दुपारी छान ऊन असतं. बर्फ पडणाऱ्या मुलखात जास्वंद बाहेर ठेवली तर मरते, म्हणून परदेशातल्या थंड गावांतली आपली मराठी माणसं कुंडी घरात खिडकीशी आणून ठेवतात. आपल्याकडे एवढी वेळ येत नाही. इथं झाड फक्त आखडून बसतं. वाढ थांबते, मुळ्या पाणी ओढत नाहीत, जुनी पानं पिवळी होऊन गळतात, कळ्या न उमलताच पडतात. झाड पीत नाही आणि आपण पाजत राहतो.

त्यात आपली काळी माती. कापसाला सोन्यासारखी, कारण पाणी धरून ठेवते. कुंडीतल्या जास्वंदीला थंडीत तीच नडते. वरून कोरडी, भेगाळलेली दिसते आणि आत चिखल असतो. म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, बोट घाला. दोन पेरं आत बोट गेलं आणि ओल लागली, तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडं लागलं तरच घाला, भरपूर घाला आणि मग पुन्हा थांबा. कुंडीला साधारण चार दिवसांनी लागतं, जमिनीतल्या मोठ्या झाडाला आठ-दहा दिवसांनी. कुंडीखाली ताटली असेल तर ती काढून घ्या. पाणी सकाळी ऊन वर आल्यावर द्यावं, संध्याकाळी नको. आणि रात्रभर उघड्यावर राहिलेल्या टाकीतलं गारढोण पाणी देण्यापेक्षा विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी द्या. थंडीत ते कोमट असतं, हे तुम्हाला धुणं धुताना कळतंच.

नवीन कुंडी भरताना एक भाग काळी माती, एक भाग बारीक मुरूम किंवा रेती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत घ्या. कुंडीच्या बुडाचं भोक मोकळं आहे ना, ते आधी पाहा. आमच्या पिशव्यांना भोकं पाडली होती, पण दोन-दोनच, आणि ती मातीनं बुजली होती.

झाड मेलं की जिवंत, हे ओळखायची सोपी खूण आहे. फांदीची साल नखानं जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. शेंड्याकडं तपकिरी लागलं तरी खाली खाली येत पाहा. कित्येकदा शेंडा वाळलेला असतो आणि बुंधा हिरवागार. असं झाड उपटून टाकू नका.

पिवळी पानं पाहून कोणी मूठभर युरिया टाकतं, तेही नको. मुळ्या खात नाहीत तेव्हा युरिया नुसता पडून मुळ्यांनाच चटका देतो. आणि छाटणी तर नोव्हेंबर ते जानेवारी अजिबात करू नका. छाटलं की कोवळी फूट येते आणि पहिल्याच गार रात्री ती काळी पडते.

कुंड्या घराच्या दक्षिणेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीला लावा. उत्तरेचं वारं अडतं आणि दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. जमिनीतल्या झाडाच्या बुडाशी सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार वीतभर पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका. फार गारठा असेल त्या रात्री जुनं लुगडं किंवा पोतं काठ्यांवर टाकून झाड झाका आणि सकाळी काढा. प्लास्टिक टाकलं तर आत पाणी सुटतं, पानाला लागून पान खराब होतं.

वारं अडवायला पऱ्हाटीचा कूड करावा असं कोणालाही सुचेल. आम्हालाही सुचलं होतं. तो करू नका. कापूस, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद ही एकाच कुळातली, त्यांच्या किडीही बऱ्याच सारख्या. पऱ्हाटीवरचा पिठ्या ढेकूण सरळ जास्वंदीवर येतो. न फुटलेल्या बोंडांत बोंडअळी दडून राहते ती वेगळीच, म्हणून सरपणाच्या पऱ्हाट्याही अंगणात फार दिवस ठेवू नयेत. कूड करायचा तर तुराट्यांचा करा.

पिठ्या ढेकूण म्हणजे कळ्यांच्या देठाशी कापसासारखे पांढरे पुंजके. झाडावर मुंग्यांची रांग दिसली की शोधायला लागा. त्याचा गोड चिकटा मुंग्यांना आवडतो आणि त्याच त्याला फांदी-फांदीवर नेतात. थोडा असेल तर ओल्या फडक्यानं पुसून काढा, फार लागलेला शेंडा तोडून जाळा. उरलेल्यासाठी निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चमचाभर साबणाचं पाणी घाला आणि दुपारी चारच्या सुमारास फवारा, म्हणजे रात्रीपूर्वी पानं सुकतात. आठ दिवसांनी पुन्हा एकदा.

आता फुलांचं. माघ शुद्ध चतुर्थीला गणपतीला लाल फूल सगळ्यांनाच हवं असतं, आणि जास्वंद नेमकी तेव्हाच रुसलेली असते. विकण्यासाठी लावायची तर आपली साधी, पाच पाकळ्यांची देशी लाल लावा. रंगीबेरंगी कलमी जाती दिसायला देखण्या, पण थंडीत आधी त्याच मान टाकतात. देशी झाड भिंतीच्या आडोशाला, उन्हात असेल तर जानेवारीतही थोडी फुलं देतं. फूल लहान येतं, उशिरा उमलतं, पण गारव्यामुळे जास्त वेळ टिकतं. तेव्हा गिऱ्हाइकाला शब्द देताना उन्हाळ्याच्या हिशेबानं देऊ नका.

फेब्रुवारीच्या मध्यानंतर रात्री उबदार झाल्या, की वाळलेले शेंडे कापा, फांद्या एक तृतीयांश छाटा, माती हलवून दोन ओंजळी शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड द्या. मग पाणीही हळूहळू वाढवा. छाटलेल्यातल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या वीतभर कापून सावलीत लावल्या की रोपं होतात. आम्ही त्या एकसष्ट रोपांच्याच काड्या पुढं लावल्या. आता पाणी घालायची पाळी ठरलेली आहे. वहीत नाव लिहिल्याशिवाय कोणी तांब्या उचलत नाही.

काकूंच्या जास्वंदीची साल आम्ही खरवडून पाहिली. बुंध्याशी हिरवी होती.