विश्लेषण : कुत्र्याला भोपळ्याचा पोशाख, मालकाच्या हाती भयकथा… हॅलोवीनला नेमके घाबरते कोण?

पाठीवर पावाचे दोन लांबट तुकडे बांधलेला, स्वतःच हॉटडॉग झालेला बुटका डॅशहुंड. त्याच्यामागे कोळ्याचे आठ पाय लावलेला पग. आणि वटवाघळाचे पंख लावलेली, मालकाकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहणारी मांजर. ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेतील अशी छायाचित्रे आपल्या मोबाइलवरही येऊन धडकतात. आपण हसतो, पुढे पाठवतो. पण त्या मांजराला यात खरोखर गंमत वाटत असते का? काळ्या मांजरीची आणि या सणाची सांगड कशी बसली? आणि ऐन सणाच्या दिवशी माणसे हौसेने भुताखेतांची पुस्तके का वाचतात?

हॅलोवीन म्हणजे नेमके काय?

हॅलोवीन दरवर्षी ३१ ऑक्टोबरला साजरा होतो. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेत सर्व संतांचा दिवस. त्याची आदली संध्याकाळ म्हणजे ‘ऑल हॅलोज ईव्ह’ आणि त्याचाच अपभ्रंश ‘हॅलोवीन’. या सणाची मुळे त्याहून जुन्या, केल्टिक लोकांच्या ‘साविन’ या सणात शोधली जातात. सुगी संपून हिवाळा सुरू होण्याच्या या संधिकाळात जिवंत आणि मृत यांच्या जगांमधला पडदा विरळ होतो, अशी श्रद्धा होती.

१९व्या शतकात आयर्लंड आणि स्कॉटलंडमधून स्थलांतरित झालेल्या लोकांनी हा सण अमेरिकेत नेला. तिकडे सलगमाला कोरून दिवा करत. अमेरिकेत कोरायला सोपा, मोठा भोपळा मिळाला आणि तोच सणाची खूण बनला. मुलांनी वेश करून घरोघरी खाऊ मागत फिरण्याची प्रथा तेथे २०व्या शतकात पक्की झाली.

विदर्भातील वाचकांना हे चित्र फारसे परके वाटणार नाही. तान्हा पोळ्याला मुले नटूनथटून, लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात आणि बोजारा मिळवतात. भुते तेवढी त्यात नसतात.

यात कुत्री-मांजरे कशी आली?

मुले नटतात, मोठी माणसे नटतात, मग घरातल्या चार पायांच्या सदस्याने काय घोडे मारले, असा सरळ हिशेब यामागे आहे. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात टॉम्पकिन्स स्क्वेअरच्या नावाने ओळखली जाणारी कुत्र्यांची हॅलोवीन मिरवणूक १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून निघते. चित्रपटांतील पात्रे, राजकारणी, खाद्यपदार्थ असे काहीही बनून कुत्री तिथे येतात. अनेकदा मालकही जोडीचा वेश करतो. कुत्रा पिझ्झा, तर मालक तो पोहोचवणारा.

बाजारानेही ही हौस ओळखली आहे. ‘नॅशनल रिटेल फेडरेशन’ ही अमेरिकेतील किरकोळ विक्रेत्यांची संघटना दरवर्षी हॅलोवीनच्या खर्चाचा अंदाज जाहीर करते. २०२३ मध्ये हा अंदाज १,२२० कोटी डॉलरचा होता. त्यापैकी सुमारे ७० कोटी डॉलर केवळ पाळीव प्राण्यांच्या पोशाखांवर खर्च होतील, असे संघटनेने म्हटले होते. म्हणजे सणावर खर्च होणाऱ्या शंभर डॉलरमागे जवळपास सहा डॉलर कुत्र्या-मांजरांच्या कपड्यांचे. पोशाखांच्या पसंतीत भोपळा वर्षानुवर्षे आघाडीवर आहे आणि हॉटडॉग त्याच्या पाठोपाठ.

प्राण्यांना सजवणे आपल्याला नवे नाही. बैलपोळ्याला झूल, बाशिंग, घुंगरमाळा, रंगवलेली शिंगे असा थाट असतो. नेपाळमध्ये नरकचतुर्दशीला ‘कुकुर तिहार’ साजरा होतो, त्या दिवशी कुत्र्यांना हार घालून, टिळा लावून गोडधोड दिले जाते. फरक एवढाच की पोळ्याला बैल बैलच राहतो. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू नसते आणि सगळा थाट त्याच्या कष्टांची जाण म्हणून असतो. हॅलोवीनला कुत्र्याला दुसरेच काही तरी व्हावे लागते आणि तेही आपल्या करमणुकीसाठी.

कुत्र्याला हे आवडते का?

प्रत्येकाचे उत्तर वेगळे. थंड प्रदेशात लहानपणापासून स्वेटर घालणाऱ्या कुत्र्याला पाठीवरच्या कापडाचे काही वाटत नाही. पण बहुतेक प्राण्यांना अंगाला आवळणारी, डोक्यावर बसणारी वस्तू नकोशी असते. आपल्याला ते कळत नाही, कारण त्यांची नाराजी भुंकण्यातून क्वचितच व्यक्त होते.

पुन्हा पुन्हा ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभया देणे, कान मागे पाडणे, शेपूट पायांत घालणे, मान न वळवता डोळे तिरपे करून पाहणे ही कुत्र्याच्या तणावाची लक्षणे आहेत. सर्वांत फसवे लक्षण म्हणजे जागच्या जागी थिजणे. पोशाख घातल्यावर पुतळ्यासारखा उभा राहिलेला कुत्रा ‘किती शहाणा’ वाटतो. प्रत्यक्षात तो भेदरलेला असू शकतो. छायाचित्रे मात्र त्याच क्षणी सर्वांत छान येतात, ही यातली खरी अडचण आहे.

मांजरांचे तर बोलायलाच नको. अंगावर कापड पडताच अनेक मांजरी जमिनीलगत दबून चालू लागतात किंवा सरळ आडव्या पडतात. पाहणाऱ्याला हे नाटक वाटते. तिच्या लेखी मात्र अंगाला काही तरी अनोळखी चिकटलेले असते आणि ते झटकून टाकता येत नसते.

पोशाख घालायचाच असेल तर?

प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था आणि पशुवैद्यक साधारण एकच सल्ला देतात. पोशाखामुळे प्राण्याचे चालणे, पाहणे, ऐकणे, श्वास घेणे, भुंकणे किंवा म्याव करणे यांपैकी काहीही अडता कामा नये. लोंबणारी गोंड्याची दोरी, चघळून तुटेल असे बटण नको. तोंडावर मुखवटा तर नकोच. सणाच्या दिवशी एकदम न घालता आधी काही दिवस थोडा थोडा वेळ घालून पाहावा, सोबत खाऊ द्यावा. आणि पोशाखातल्या प्राण्याला एकटे सोडू नये.

आपल्याकडे आणखी एक मुद्दा आहे, उकाड्याचा. कुत्रा माणसासारखा अंगभर घाम गाळत नाही, तो धापा टाकून शरीर थंड करतो. मुंबई-पुण्यात ऑक्टोबरच्या उन्हात लोकरी किंवा नायलॉनचा बंदिस्त पोशाख घालणे म्हणजे त्याला रजई पांघरून फिरवणे. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना मुळातच श्वास घेणे जड जाते, त्यांच्याबाबत अधिकच जपावे लागते. गळ्यात एक रंगीत रुमाल बांधला तरी हौस भागते आणि फोटोही चांगला येतो.

खरा धोका कशाचा?

पोशाखापेक्षा मोठा धोका खाऊच्या पिशवीत असतो. चॉकलेटमधील थिओब्रोमाइन हा घटक कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतो. उलट्या, अस्वस्थता, हृदयाचे ठोके वाढणे आणि जास्त प्रमाणात खाल्ल्यास झटके येणे असे परिणाम होतात. चॉकलेट जितके गडद, तितके घातक. काही साखरविरहित गोळ्यांमध्ये आणि च्युइंगममध्ये झायलिटॉल असते. ते खाल्ल्यावर कुत्र्याच्या रक्तातील साखर झपाट्याने घसरते. द्राक्षे आणि बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

हा शेवटचा मुद्दा मराठी घरांसाठी महत्त्वाचा आहे. हॅलोवीन आणि दिवाळी अनेकदा आगेमागेच येतात. २०२४ मध्ये तर ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. त्यामुळे अमेरिकेतील मराठी घरांत एका ताटात चकली आणि दुसऱ्यात चॉकलेट, असा बेत सहज जमतो. कुत्र्यासमोर लाडू ठेवताना त्यातला बेदाणा आठवावा.

दुसरा धोका दाराचा. दर पाच मिनिटांनी घंटी वाजते, दार उघडते आणि समोर मुखवटे घातलेली अनोळखी मुले. घाबरलेला प्राणी फटीतून निसटतो. म्हणून त्या संध्याकाळी त्याला आतल्या शांत खोलीत ठेवावे आणि गळ्यात मालकाचा दूरध्वनी क्रमांक असलेला पट्टा असावा, असे सांगितले जाते. फटाक्यांच्या दिवसांत हाच सल्ला आपल्यालाही लागू पडतो.

काळ्या मांजरीची बदनामी कुठून आली?

मांजर आडवे गेले की थांबणारे लोक आपल्याकडेही आहेत. युरोपात ही भीती धर्मसत्तेच्या कागदपत्रांतही दिसते. १२३३ मध्ये पोप नववे ग्रेगरी यांच्या एका आज्ञापत्रात सैतानाच्या कथित पूजाविधीचे वर्णन आहे आणि त्यात काळे मांजर येते. पुढे चेटकिणींच्या कथांनी ही सांगड घट्ट केली. जपानमध्ये आणि ब्रिटनच्या काही भागांत मात्र काळे मांजर शुभ मानतात. तेच मांजर, तोच रंग, फक्त मुलूख वेगळा.

या समजाचा फटका मांजरींना बसतो. अमेरिकेतील काही निवारा केंद्रे हॅलोवीनच्या सुमारास काळ्या मांजरी दत्तक देणे थांबवत असत. कुणी त्यांचा छळ करेल, अशी धास्ती त्यामागे होती. पण असे सर्रास घडते याचा ठोस पुरावा मिळाला नाही आणि त्या काळात मांजरींना घर मिळणे तेवढे लांबत होते. त्यामुळे अनेक केंद्रांनी ही बंदी सोडून दिली.

भयकथांमधले प्राणी काय सांगतात?

हॅलोवीनला काय वाचावे, या याद्यांत मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) आणि ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) ठरलेल्या. पण घरात कुत्रा-मांजर असणाऱ्यांसाठी वेगळी यादी करता येते.

एडगर अॅलन पोची ‘द ब्लॅक कॅट’ ही कथा १८४३ची. तिच्यात अंगावर काटा येतो तो मांजरीमुळे नव्हे, तिच्या दारुड्या मालकामुळे. स्टीफन किंगच्या ‘कुजो’मध्ये (१९८१) एक मायाळू सेंट बर्नार्ड कुत्रा राक्षस बनतो. कारण भूतबाधा नसून रेबीज आहे. त्याला वटवाघूळ चावलेले असते आणि लस टोचलेली नसते. भारतीय वाचकाला ही भीती पुस्तकातली वाटणार नाही. किंगचीच ‘पेट सेमेटरी’ (१९८३) मुलीचे मांजर रस्त्यावर वाहनाखाली सापडल्याच्या घरच्या प्रसंगातून सुचली. ती इतकी काळोखी झाली की त्याने हस्तलिखित काही काळ बाजूलाच ठेवले होते.

‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ १९०१-०२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकातून क्रमशः आली. सव्वाशे वर्षांनी रहस्य फोडायला हरकत नसावी. तो नरकातला वाटणारा ज्वालामुखी श्वान एक साधा, मोठा कुत्रा असतो. खलनायकाने त्याच्या तोंडाला चमकणारे रसायन फासलेले असते. साहित्यातील सर्वांत गाजलेला कुत्र्याचा पोशाख तो हाच. मुलांसाठी डेबोरा आणि जेम्स हाऊ यांची ‘बनिक्युला’ (१९७९) आहे. घरात आणलेला ससा रक्तपिपासू असल्याचा संशय मांजराला येतो, कारण भाज्या पांढऱ्याफटक पडू लागतात. आणि ही गोष्ट सांगतो घरातला कुत्रा.

मराठी वाचकाला यासाठी दूर जायला नको. नारायण धारप (१९२५-२००८) यांनी किंगच्या कथाबीजांना मराठी मातीत रुजवले. किंगच्या ‘ग्रामा’ या कथेवर बेतलेल्या त्यांच्या ‘आजी’चा धागा २०१८च्या ‘तुंबाड’ चित्रपटापर्यंत पोहोचला. रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या गूढकथांनी दिवा मालवून झोपण्याची अनेकांची सवय मोडली.

माणसाला घाबरायला का आवडते?

डेन्मार्कमधील संशोधकांनी एका भुताच्या वाड्याला भेट देणाऱ्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि त्यांना आलेली मजाही नोंदवली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार भीती फार कमी असेल तर कंटाळा येतो आणि फार जास्त असेल तर मजा जाते. आनंद मधल्या पट्ट्यात असतो. शरीर धोक्यासाठी सज्ज होते, पण आपण सुरक्षित आहोत हे मनाला ठाऊक असते. ‘आजी’ वाचताना घशाला कोरड पडली, तर पुस्तक मिटून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाता येते.

कुत्र्याला ही सोय नाही. मुखवटा घातलेला मुलगा शेजारचाच आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते आणि पाठीवरचा भोपळा त्याला स्वतःहून उतरवता येत नाही. म्हणून पशुवैद्यकांचा शेवटचा सल्ला सर्वांत सोपा आहे. पोशाख घाला, एक फोटो काढा, लगेच उतरवा. मग दिवा बारीक करून आपण भयकथा उघडावी आणि त्याला पायाशी निवांत झोपू द्यावे.