गुडघा दुखतोय? मालिश नको, एक्स-रे काढा

पोरगा कबड्डी खेळून येतो आणि गुडघा दुखतो म्हणतो. आई हळदीचा लेप लावते. महिना जातो. मग कोणीतरी हाड बसवणाऱ्याचा पत्ता देतो आणि तो गुडघा रगड रगड रगडतो. आमच्या वस्त्यांतून हे नेहमीचेच आहे. बहुतेक वेळा तो मुका मारच असतो, घाबरायचे काही नसते. पण दुखणे थांबतच नसेल, रात्री झोपेतून उठवत असेल, सूज वाढत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. वाढत्या वयातल्या मुलामुलींना होणारा हाडाचा कर्करोग, ज्याला डॉक्टर ऑस्टिओसार्कोमा म्हणतात, तो बहुधा गुडघ्याच्या आसपासच होतो. अशा गाठीला मालिश करू नये. १९५६ साली नागपूरला आपल्या वडीलधाऱ्यांनी अंगारे-धुपारे सोडले; हा रगडणारा मात्र आपल्या घरात अजून शिरतो.

१९७० च्या आधी पाय कापणे हाच उपाय होता. तरीही पाचांतला जेमतेम एक जगे, कारण रोगाचे सूक्ष्म कण आधीच फुप्फुसात गेलेले असत. नंतर केमोथेरपी आली. कॅनडातल्या टेरी फॉक्सचा पाय १९७७ साली, अठराव्या वर्षी कापला गेला. १९८० साली कर्करोग संशोधनाला पैसा जमवण्यासाठी तो कृत्रिम पायाने १४३ दिवस धावला. रोग फुप्फुसात गेल्याने त्याला थांबावे लागले. १९८१ साली तो गेला. आज रोग पसरण्याआधी पुरा उपचार झाला, तर शंभरातले साठ-सत्तर रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. फुप्फुसात पसरल्यावर आले, तर वीस-तीसच.

उपचार आठ-नऊ महिन्यांचा असतो. आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो. आता बहुतेकांचा पाय वाचतो. रोगट हाड काढून आत धातूचा सांधा बसवतात. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढायचा तो मात्र जिथे शस्त्रक्रिया होणार तिथेच काढावा. भलत्या जागी चीर पडली तर वाचणारा पाय जातो.

आमच्या मनाला लागते ते पुढचेच. पाय कापावा लागेल असे कळले की बाप मुलाला घरी घेऊन जातो. मुलगी असेल तर लग्नाची चिंता आधी. काही घरी मजुरी बुडते म्हणून केमो अर्ध्यावर सुटतो. गाठ दबलेली दिसते, घरचे खूश होतात, आणि काही महिन्यांनी पोर खोकू लागते. या बापांना आम्ही दोष देत नाही. रोजंदारीवरच्या माणसाने आठ महिने मुंबईत काढायचे कसे?

तरी सोय आहे. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत रुग्ण व नातेवाईक राहतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, रेल्वे भाड्यात सवलत मिळते. रुग्णालयातल्या समाजसेवकाला पहिल्याच दिवशी भेटा. रेशनकार्ड, आधार आणि जुने सगळे एक्स-रे बरोबर ठेवा. केमो चालू असताना ताप आला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री रुग्णालय गाठा.