साडीतली मरिया

पावसाळ्यात बोरी नदी भरली की नळदुर्गच्या किल्ल्यात नर-मादी धबधबे कोसळू लागतात. बांधाच्या पोटातल्या पाणीमहालात उभे राहावे, सज्ज्यापुढून पाण्याचा पडदा सुटतो आणि आत थेंब येत नाही. हे काम मीर इमादीनने १६१३ साली दुसऱ्या इब्राहीम आदिलशहासाठी केले. याच बादशहाने ‘किताब-ए-नवरस’मध्ये गणपतीला पिता आणि सरस्वतीला माता मानले आहे. गाण्याच्या ओढीने तो तिच्यापाशी गेला. तसे करायला त्याला कोणी भाग पाडले नव्हते.

तीनच वर्षांनी, १६१६ साली, गोव्यातल्या साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून निघाले. ही साष्टीही १५४३ पर्यंत आदिलशाहीचीच. इंग्लंडात जन्मलेल्या या जेझुइटाने जवळपास अकरा हजार ओव्यांत ख्रिस्तकथा सांगितली, आणि सणावारी चर्चमध्ये ती पोथीसारखी वाचली जाई. ग्रंथ थोर आहे, यात शंका नाही. पण त्याच साष्टीतली देवळे १५६७ साली पोर्तुगिजांनी पाडली होती. जुनी पुराणे हिरावली गेल्यावर नवख्रिस्ती लोकांना ज्या पुराणाची भूक लागली, तिच्यातून हे पुराण आले. ओवीचे सौंदर्य वाचताना ही जखम विसरून चालणार नाही.

म्हणूनच मला आंजेलो दा फोन्सेका यांची चित्रे वेगळी वाटतात. १९०२ साली गोव्यात जन्मलेले फोन्सेका वैद्यकीय शिक्षण सोडून चित्रकलेकडे वळले आणि शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांपाशी शिकले. गोव्यात परतल्यावर त्यांनी मरियेला इथल्या बाईचे रूप दिले. सावळा वर्ण, अंगावर साडी, कडेवर बाळ. युरोपी मूर्तींत वाढलेल्या भाविकांना ही विटंबना वाटली. विरोध एवढा झाला की त्यांनी गोवा सोडला आणि पुण्यात ख्रिस्त सेवा संघाच्या आश्रमात मुक्काम केला. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये हा संघ स्थापला होता.

फोन्सेकांच्या जलरंगातली मरिया जवळून पाहावी. बाळाला धरण्यात आईपणाची सहजता आहे, डोळे खाली झुकलेले. दैवीपण दाखवायला रेशमी झगा आणि मुकुट यांची गरज पडत नाही. डोक्याभोवतीचे तेजोवलय पुरते. चित्रकाराने सत्तेच्या जोरावर कोणाचे काही उचललेले नाही. आपल्याच घरातली, आपल्याच अंगणातली बाई त्याने वेदीवर नेली, आणि त्याची किंमतही स्वतःच मोजली.

१९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि सर्व लोकांच्या, सर्व प्रदेशांच्या कलेला चर्चचे दार रीतसर उघडले. तोवर फोन्सेका तीस वर्षे हेच करत आले होते. चारच वर्षांनी, १९६७ मध्ये, ते गेले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात, पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.