पाळण्यातलं वजन, पन्नाशीतलं हृदय

हृदयविकारावर हाती लागेल ते मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे, पण माझा जीव खरा रमतो तो जुन्या वजनवह्यांत. बाळ जन्मलं, काट्यावर ठेवलं, आकडा लिहिला, वही मिटली. साठ-सत्तर वर्षांनी कुणीतरी ती वही उघडतं आणि त्या आकड्यांतून हृदयविकाराचा माग लागतो! वैद्यकात याहून विलक्षण शोधकथा मला तरी ठाऊक नाही. म्हणून बाकीचं थोडक्यात सांगते आणि वह्यांकडे वळते.

बाकीचं असं. हृदयाच्या रक्तवाहिन्या पन्नाशीत अचानक तुंबत नाहीत. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची शवविच्छेदनं १९५३ साली प्रसिद्ध झाली. सरासरी वय जेमतेम २२, तरीही चारांतल्या तिघांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत विकाराच्या खुणा होत्या. पुढे लुइझियानातल्या बोगालुसा या गावात डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी हजारो मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. अपघातात वगैरे दगावलेल्या २ ते १५ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांच्या हृदयवाहिन्यांत चरबीच्या रेघा उमटलेल्या दिसल्या. जितकं वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल जास्त, तितक्या रेघा अधिक. मुलांच्या खाण्यातलं मीठ, साखर आणि तळण, खेळाचा अभाव, घरातला सिगारेटचा धूर या सगळ्याचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

आता वह्या.

साउदम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर इंग्लंड-वेल्सचे मृत्यूंचे नकाशे पाहत होते. हृदयविकार हा सुखवस्तूंचा आजार, असा तेव्हाचा समज. नकाशा उलटंच सांगत होता. १९२१ ते १९२५ या काळात ज्या गरीब भागांत तान्ही बाळं जास्त दगावली होती, नेमक्या त्याच भागांत पन्नास वर्षांनंतर हृदयविकाराचे मृत्यू जास्त होते. त्या हलाखीतून जी बाळं जगली, ती आपल्या शरीरात काही उणीव घेऊन मोठी झाली असतील का? बार्कर आणि त्यांचे संख्याशास्त्रज्ञ सहकारी क्लाइव्ह ऑसमंड यांनी १९८६ साली हा प्रश्न जाहीरपणे मांडला. उत्तरासाठी मात्र आधी म्हातारी झालेली माणसं आणि त्यांची जन्माची वजनं एकत्र सापडायला हवी होती.

ती सापडली हर्टफर्डशायर परगण्यात. त्यामागे एक बाई होत्या, एथेल मार्गारेट बर्नसाइड. बोअर युद्धाच्या वेळी भरतीला आलेले कितीतरी इंग्रज तरुण शरीराने नालायक ठरले होते, आणि देशाची पुढची पिढी खुरटते आहे ही चिंता सरकारला लागली होती. त्या वातावरणात १९११ पासून बर्नसाइडबाईंनी परगण्यात सुईणींची आणि आरोग्यसेविकांची फळी उभी केली. सुईण जन्माचं वजन कार्डावर लिहायची. मग आरोग्यसेविका वर्षभर अधूनमधून घरी जायची. बाळ अंगावर पितं की बाटलीने, कोणती दुखणी आली, दात किती आले, हे सगळं टिपायची आणि वर्षाचं झालं की पुन्हा वजन करायची. शेवटी हे सारं मोठ्या वह्यांत नीट उतरवलं जाई. पौंड-औंसांतल्या या नोंदी १९४८ पर्यंत चालू राहिल्या. पुढे त्यांचा कुणाला काय उपयोग होईल, याची त्या बायांना कल्पनाही नव्हती. मला त्यांच्याबद्दल अपार आदर वाटतो. इतक्या चिकाटीने लिहिलेला शब्द वाया जात नाही, यावर माझा विश्वास आहे.

बार्करांच्या गटाने १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेले ५,६५४ पुरुष शोधून काढले आणि १९८९ मध्ये निष्कर्ष छापला. पहिल्या वाढदिवशी १८ पौंड, म्हणजे सुमारे ८ किलो किंवा त्याहून कमी वजन असलेल्या मुलांचा पुढे हृदयविकाराचा मृत्युदर राष्ट्रीय सरासरी १०० धरली तर १११ निघाला. २७ पौंड, म्हणजे १२ किलोच्या वर असलेल्यांचा अवघा ४२. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. इथे त्याचं हृदयही दिसत होतं.

असं का व्हावं? मूत्रपिंडातल्या गाळण्या बाळ पोटात असतानाच तयार होतात; जन्मानंतर त्यांत भर पडत नाही. त्या कमी पडल्या की पुढे रक्तदाब वाढण्याचा धोका वाढतो. उपाशी गर्भ मेंदू वाचवतो आणि यकृत, स्नायू, स्वादुपिंड यांचा घास कमी करतो. ती काटकसर जन्मभर अंगात राहते.

भारतातही अशी एक जागा आहे, हे कळल्यावर मला राहवलं नाही. मैसूरला गेले तेव्हा सोबतची मंडळी राजवाड्याची रोषणाई पाहत होती आणि मी होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटलच्या आवारात उभी होते. गावात त्याला मिशन हॉस्पिटल म्हणतात. बाळंतिणींचे नातेवाईक डबे घेऊन बसले होते. इथे १९३४ पासूनच्या जन्मनोंदी जपलेल्या होत्या. बार्करांच्या सहकारी डॉ. कॅरोलिन फॉल आणि त्यांच्या गटाने तिथे जन्मलेले ५१७ जण शोधून तपासले. जन्माचं वजन अडीच किलोपर्यंत असलेल्यांत हृदयविकाराचं प्रमाण ११ टक्के होतं, ३.१ किलोच्या वर असलेल्यांत ३ टक्के. आपल्याच मातीतला हा पुरावा १९९६ पासून आपल्यासमोर आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि आईबापांच्या कामाचा भाग पुढेच आहे. हेलसिंकीत १९३४ ते १९४४ दरम्यान जन्मलेल्या ८,७६० जणांच्या बालपणीच्या नोंदी होत्या. पुढे हृदयविकार झालेली मुलं जन्मतः लहान होती आणि दोन वर्षांपर्यंत बारीकच राहिली. त्यानंतर उंचीच्या मानाने त्यांचं वजन झपाट्याने वाढत गेलं. दिल्लीतल्या १,४९२ तरुणांच्या नोंदींतही हीच चाल दिसली. तिथे तिची परिणती मधुमेहात किंवा त्याच्या उंबरठ्यावर होत होती, आणि मधुमेह म्हणजे हृदयविकाराचं उघडं दार. दिल्लीत पुढे या वाटेला लागलेल्या मुलांपैकी बाराव्या वर्षी एकही लठ्ठ नव्हतं. दिसायला जाड नसलेलं मूलही धोक्याच्या वाटेवर असू शकतं, ते असं.

हे सगळं आपल्या घरात आणून सोडलं पुण्याने. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा अवर्षणप्रवण गावांतल्या बायकांचा गरोदरपणाआधीपासून अभ्यास केला. गरोदरपणापूर्वी त्यांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, साउदम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंत फार कमी पडत होती, चरबीत मात्र त्या मानाने थोडीच. हाडकुळं दिसणारं बाळ आत चरबी राखून होतं! याज्ञिकांनी आणि त्यांचे लंडनचे मित्र प्राध्यापक युडकिन यांनी २००४ मध्ये आपल्या दोघांचा फोटो छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२.

मला सर्वांत भिडली ती या अभ्यासातली आहाराची बाजू. आईने एकूण किती खाल्लं, याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला पालेभाजी, फळं आणि दूध यांच्याशी. शिवाय पाण्याचे हंडे वाहणाऱ्या आणि शेतात राबणाऱ्या आयांची बाळं अधिक लहान निघाली. मुंबईच्या वस्त्यांत पुढे हाच धागा धरून बायकांना दिवस राहण्याआधीपासूनच पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला. तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनी वाढलं. आई फार कृश असेल तिथे फायदा दिसला नाही. म्हणजे नववा महिना उशिराच. तयारी मुलगी शाळेत असतानाच सुरू व्हायला हवी.

आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. घरातली बाई शेवटी जेवते, आणि पालेभाजी तोवर संपलेली असते. बाळ बारीक आहे म्हणून शेजारणी बोलतात, मग तिसऱ्या वर्षापासून बिस्किटं, फरसाण आणि गोड पेयं यांचा मारा सुरू होतो. गुटगुटीत झालं की घर निश्चिंत! पहिल्या दोन वर्षांत आईचं दूध, सहा महिन्यांनंतर वरणभात, अंडं, भाज्या, फळं यांनी भरून येऊ द्या. त्यानंतर वजनाची घाई नको. मूल धावू दे, उंची वाढू दे, मैदानावर दमू दे.

अंगणवाडीत टांगत्या काट्यावर बाळाचं वजन होतं, तेव्हा ताई तक्त्यावर एक ठिपका देते. त्या ठिपक्यांची रेघ वाचायला आयांना शिकवलं पाहिजे, दोन वर्षांनंतर एकदम वर चढणारी रेघसुद्धा. जन्माचं, वर्षाचं, दोन वर्षांचं वजन घरी लिहून ठेवा आणि मूल चाळिशीला पोचेपर्यंत तो कागद जपा. जन्माचं वजन अडीच किलोच्या आत असेल, तर त्याने रक्तदाब आणि साखर इतरांपेक्षा लवकर तपासायला सुरुवात करावी. आणि रुग्णालयांनी, नगरपालिकांनी जुन्या प्रसूतीच्या नोंदवह्या रद्दीत घालू नयेत. मैसूरच्या नोंदी कुणी विकल्या असत्या, तर आपल्या हृदयाबद्दल आज आपल्याला कितीतरी कमी कळलं असतं.