प्लेस्टेशन २ आणि हार्ड डिस्कचा फॉरमॅट

सोनी कंपनीचे प्लेस्टेशन २ हे कन्सोल मार्च २००० मध्ये जपानात विक्रीस आले आणि पुढील काळात त्याचे १५ कोटींहून अधिक नग जगभर विकले गेले. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ हा खेळही २०१० मध्ये याच यंत्रासाठी निघाला. डिस्क वाचणारा लेझर वयोमानाने क्षीण होतो, म्हणून यंत्राच्या मूळ प्रणालीत फेरफार करून आपल्याजवळच्या डिस्कची प्रत हार्ड डिस्कवरून चालवण्याची पद्धत रूढ झाली. त्या हार्ड डिस्कवर माहिती कोणत्या नियमाने मांडायची आणि शोधायची, हे ठरवणारी व्यवस्था म्हणजे फॉरमॅट.

यूएसबीने जोडलेल्या डिस्कसाठी दीर्घकाळ फॅट३२ हाच फॉरमॅट वापरला गेला, कारण तो संगणक आणि कन्सोल दोघांनाही वाचता येतो. मात्र त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही, त्यामुळे ४.७ जीबीच्या डीव्हीडीवरील मोठ्या खेळाचे तुकडे करावे लागतात. शिवाय ओपन पीएस२ लोडर हे खेळ चालवणारे सॉफ्टवेअर फाइल डिस्कवर सलग असावी अशी अपेक्षा ठेवते. वारंवार पुसून भरलेल्या डिस्कवर फाइल विखुरते आणि निर्दोष प्रतही सुरू होत नाही. २००६ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सफॅटमध्ये ४ जीबीची अट नाही आणि लोडरच्या नव्या आवृत्त्या तो वाचतात. तरीही या कन्सोलचे यूएसबी १.१ जुन्या पिढीचे असून त्याची कमाल गती सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे सुमारे दीड मेगाबाइट, एवढीच आहे. खेळातील चित्रफिती अडखळतात त्या गतीमुळे, आणि फॉरमॅट बदलून तो दोष जात नाही.

मोठ्या आकाराच्या बहुतेक मूळ कन्सोलमध्ये, नेटवर्क अडॅप्टर जोडल्यावर, हार्ड डिस्क आतच बसते. तिच्यासाठी सोनीने एपीए ही विभागणी आणि विभागाच्या आत पीएफएस ही फाइल व्यवस्था रचली. खेळाला स्वतंत्र विभाग मिळतो, त्यामुळे तुकडे करावे लागत नाहीत आणि गतीही यूएसबीहून बरीच अधिक राहते. पीएफएसमध्ये बदलाची आगाऊ नोंद ठेवली जाते, म्हणून लिहिताना वीज गेली तरी विभागाची रचना सावरण्याची सोय राहते. फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये अशी नोंद नसते. सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरील वळसंगसारख्या ज्या गावांनी भारनियमनाची वर्षे पाहिली, तेथील वापरकर्त्याच्या दृष्टीने हा गुण मोलाचा ठरतो. अर्थात ही नोंद रचना वाचवते, त्या क्षणी लिहिला जाणारा मजकूर नव्हे.

एपीएची अडचण वेगळी आहे. विंडोजला ती डिस्क ओळखता येत नाही, म्हणून संगणक ती ‘इनिशियलाइझ’ करण्यास सुचवतो, आणि वापरकर्त्याने होकार दिल्यास विभागांची मूळ नोंद बिघडते. त्यामुळे अशा डिस्कवर खेळ भरताना त्यासाठीचीच साधने वापरावीत आणि विंडोजच्या सूचनेला नकार द्यावा. मोठे कन्सोल असेल तर आतली एपीए डिस्कच घ्यावी. पातळ कन्सोलमध्ये हार्ड डिस्कसाठी कप्पा नसल्याने यूएसबीवरच भागवावे लागते. तेथे लोडर नवा असल्यास एक्सफॅट आणि जुना असल्यास फॅट३२ निवडावा, तसेच डिस्क भरताना एका वेळी एकच खेळ, रिकाम्या जागेत सलग उतरवावा.