अर्धा परार्ध कण

टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ती भुकटी. तिचे सुमारे २१ नॅनोमीटरचे कण बनवले, की एका ग्रॅमचा पृष्ठभाग ५० चौरस मीटर भरतो, वन बीएचके सदनिकेएवढा. कण मोजू गेलो तर ५ वर १६ शून्ये. ‘लीलावती’तली संख्यानामे परार्धाशी संपतात, ही संख्या त्याच्या निम्मी. पाणी शुद्ध करण्याच्या प्रयोगांत लिटरभर पाण्यात साधारण एवढीच, म्हणजे ग्रॅमभर, भुकटी घालतात.

तिच्यावर अतिनील किरण पडला की इलेक्ट्रॉन जागेवरून उठतो आणि मागे पोकळी उरते. पोकळीमुळे पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक तयार होते, आणि ते समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचे लचके तोडते. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी याच पदार्थावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन केले. १९७७ मध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी पाण्यातले सायनाइड नष्ट केले.

आता उन्हाचा हिशेब. चौरस मीटरभर उन्हात ३० वॅट अतिनील प्रकाश धरला, तर सेकंदाला ५ वर १९ शून्ये इतके फोटॉन येतात. गिधाडांचा घात करणारे डायक्लोफेनॅक हे औषध लिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम असेल, तर त्याचे रेणू २ वर १५ शून्ये. म्हणजे ते लिटरभर पाणी त्या चौरस मीटरवर पसरले, तर दर रेणूमागे, एका सेकंदात, २५ हजार फोटॉन! तरी पाणी डोळ्याचे पाते लवायच्या आत स्वच्छ होत नाही.

कारण उठलेले बहुतेक इलेक्ट्रॉन काही नॅनोसेकंदांत पुन्हा पोकळीत पडतात आणि प्रकाशाची नुसती उष्णता होते. मूलकाचे आयुष्यही नॅनोसेकंदांचेच. नॅनोसेकंद जर सेकंदाएवढा झाला, तर आपला सेकंद ३२ वर्षांचा होईल. एवढ्याशा आयुष्यात मूलक जाऊन जाऊन काही नॅनोमीटर जाणार. कण मात्र सारखे विखुरले तरी एकमेकांपासून पावणेतीनशे नॅनोमीटरवर. त्यामुळे प्रदूषकालाच कणापाशी यावे लागते. शिवाय एक घाव पुरत नाही: फिनॉलच्या एका रेणूचे पूर्ण कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करायला २८ इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात.

सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के, म्हणून दृश्य प्रकाशावर चालणारे उत्प्रेरक शोधण्याची धडपड चालू आहे. ती हवीच. पण मला त्याहून मोलाचे वाटते ते इलेक्ट्रॉनची परतवाट लांबवणे. उजेड आधीच उदंड आहे. आणि भुकटी परत काढणे हे तर वेगळेच काम. दहा लाख लिटरना एक टन भुकटी लागते, तिचा पृष्ठभाग ५० चौरस किलोमीटर. ती काचेवर पक्की बसवली तर गाळणे टळते, पण पाण्याला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी घटतो.