पावसाळ्यातले बेट आणि नवा शिक्षक

पावसाळा भरात आला की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी आपण गेली कित्येक वर्षे ऐकत आलो आहोत. आपण ती ऐकतो, 'अरे बापरे' म्हणतो आणि पुढच्या बाजारभावांकडे कान लावतो. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या तिथे जवळजवळ येऊन मिळतात. इंद्रावती फुगली की बाकीच्या दोघींच्या पाण्याला पुढे जायला वाट राहत नाही. पाणी मागे सरते, पर्लकोट्याचा जुना ठेंगणा पूल बुडतो आणि तालुक्याचे गाव पाण्याने वेढले जाते. समुद्र तिथून शेकडो कोस दूर, पण गावाचे बेट होते ते खरेच.

आज या बेटाची आठवण निघाली ती माझ्या एका विद्यार्थिनीमुळे. ती आमच्या नंदनवनातलीच, जगनाडे चौकापासून हाकेच्या अंतरावर राहणारी. बी. ए. झाली आणि म्हणाली, "सर, एक वर्ष तिकडे स्वयंसेवक शिक्षिका म्हणून जाते. सोबत काय काय नेऊ?" घरच्यांचा विरोध. वडील मला म्हणाले, "तुम्हीच तिला समजावा." आता समजवायचे कोणाला, मुलीला की वडिलांना, हा माझ्यापुढचा प्रश्न.

सोबत काय न्यावे, याचे उत्तर सोपे आहे. मच्छरदाणी न्यावी, कारण गडचिरोली जिल्ह्यात हिवताप फार. विजेरी न्यावी, चिखलात टिकेल असे पायताण न्यावे. हे झाले पिशवीत घालायचे सामान. अवघड आहे ते घरी ठेवून जायचे सामान. त्यात पहिली वस्तू म्हणजे 'मी शिकवायला चाललो आहे' ही समजूत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी, विद्यार्थी असताना, त्याच जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत दहा दिवसांच्या शिबिरासाठी मी गेलो होतो. भागाकार शिकवायचा बेत होता. फळ्यावर लिहीत होतो, मुले निमूट बसत होती. मला वाटले, काय शिस्त आहे! सहाव्या-सातव्या दिवशी कळले की त्यांना माझी निम्मी भाषा कळतच नव्हती. नवव्या दिवशी मुलांबरोबर रानात गेलो. वर्गात तोंड न उघडणारा चौथीतला एक पोरगा प्रत्येक झाडाजवळ थांबून त्याचे नाव सांगू लागला. मोह, तेंदू, चारोळी एवढी मला ओळखता आली, पुढची वीस-पंचवीस नावे माझ्या डोक्यावरून गेली. परतताना त्याने मोडक्या मराठीत विचारले, "तू परत कधी येशील?" मी म्हणालो, "दिवाळीला." त्या 'तू'त अपमान नव्हता, तिकडची ती रीतच. पण माझी दिवाळी नागपुरातच झाली, आणि पुढच्याही साऱ्या दिवाळ्या. तो पोरगा आता तिशीच्या आसपास असेल.

तेव्हा भाषा ही पहिली गोष्ट. भामरागडच्या परिसरात माडिया गोंड राहतात. त्यांची माडिया ही गोंडीचीच एक बोली, आणि गोंडी द्राविडी कुळातली. म्हणजे ती मराठीपेक्षा तेलुगूला जवळची. गोंडीतले आकडे ऐका : उंदी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग. तेलुगूत दोन, तीन, चारला रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. सिरोंचाकडच्या श्रोत्यांना हे नाते लगेच कळेल, आपल्याला मात्र सांगावे लागते. गोंडीत पुरुषवाचक नामांचा एक वर्ग आणि बाकी सगळ्यांचा दुसरा. घर, भिंत आणि दरवाजा यांची तीन वेगळी लिंगे कशी, हे त्या मुलाला कसे उमगावे? आपल्याला ती चूक दिसते आणि आपण लाल शाई उचलतो. खरे म्हणजे मूल आपल्या भाषेच्या नियमाने बिनचूकच चाललेले असते.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, हे राज्यघटनेच्या ३५०-अ कलमात १९५६ सालापासून लिहिलेले आहे. पण गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली आपणच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ती याच गरजेपोटी. नव्या शिक्षकाला कायदा बदलता येत नाही, पण महिन्याभरात दोनशे शब्द शिकता येतात. ते शिकवणारे गुरू पहिलीच्या वर्गातच बसलेले असतात. गुरुजीचा उच्चार चुकला की ती मुले पोट धरून हसतात, आणि त्या हसण्यातच त्यांची भीड मोडते.

अमेरिकेची पीस कोअर नावाची संस्था १९६१ साली निघाली. टोंगा, सामोआ अशा पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरही ती १९६७ पासून स्वयंसेवक पाठवू लागली. तिची मुदत सत्तावीस महिन्यांची, आणि त्यातले पहिले तीनेक महिने भाषा व रीतिरिवाज शिकण्यासाठीच राखलेले असतात. आपण मात्र दहा दिवसांच्या शिबिरात पहिल्याच दिवशी खडू उचलतो!

आता भामरागडजवळच्या हेमलकशाकडे वळू. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे तेव्हा पंचविशीच्या उंबरठ्यावर होते. ते आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले. पावसाळ्यात वाटा बंद होत, बाहेरच्या जगाशी महिनोन्‌महिने संबंध नसे. अनोळखी माणूस दिसला की माडिया लोक रानात निघून जात. दवाखाना तयार होता, पण रोगी येत नव्हते. त्यांना आधी माडिया शिकावी लागली, विश्वास बसेपर्यंत थांबावे लागले. शाळा निघाली ती १९७६ साली. म्हणजे आधी अडीच-तीन वर्षे राहणे झाले आणि मग शाळा. हा क्रम नव्या शिक्षकाने नीट ध्यानात घ्यावा. तरीही सुरुवातीला मुले मिळवण्यासाठी गावोगाव पायपीट करावी लागली. पुढे आमटे दांपत्याची स्वतःची मुलेही त्याच शाळेत माडिया मुलांबरोबर शिकली. 'आमच्या मुलांसाठी एक शाळा आणि तुमच्यासाठी दुसरी' असे तिथे उरले नाही, आणि माझ्या मते गावाला हीच गोष्ट कुठल्याही भाषणापेक्षा जास्त पटली असणार. त्या शाळेतून पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक झालेले माडिया तरुण आहेत. मॅगसेसे पुरस्कार २००८ साली मिळाला. आपण शहरातले लोक गोष्ट तिथून सुरू करतो, ती सुरू झाली होती १९७३ साली.

दुसरे उदाहरण पालघरकडचे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम मांडले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले बालवाडीत येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावर नेली, अंगणात भरवली. पाने, बिया, खडे, शिंपले हेच साहित्य. मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा गुरांमागे कुरणात गेली, ती कुरणशाळा. मूल शाळेत का येत नाही, असे विचारण्याऐवजी मूल या घटकेला कुठे आहे, असे या बायांनी विचारले.

भामरागडकडे मूल मोहाच्या दिवसांत पहाटे फुले वेचायला जाते, उन्हाळ्यात आईबापांबरोबर तेंदूपाने तोडायला जाते. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे फुली पडते. त्या दिवसांत शिक्षकाने एकदा तरी मुलांबरोबर पहाटे उठून मोह वेचावा. टोपलीत किती फुले, वाळल्यावर किती उरतात, व्यापाऱ्याने मापात किती मारले, हे गणित त्या मुलाला भागाकाराच्या वहीपेक्षा लवकर कळते. आईबापांनाही कळते, आणि शाळा काय कामाची हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

खाण्याचेही तसेच. पेज, आंबील पुढे आली तर प्यावी. लाल मुंग्यांची चटणी पुढे आली आणि नको असेल तर हसून नको म्हणावे, नाक मात्र मुरडू नये. सण असला की जावे, बोलावल्याशिवाय फोटो काढू नये. प्रत्येक गोष्ट सुधारायला आपणच आलो आहोत असा आव आणणाऱ्या माणसाला गाव जेवायला घालते, पण मूल हवाली करत नाही.

आणि निघण्याचा दिवस पहिल्याच दिवशी सांगावा. वर्षभर राहणार असाल तर वर्ष म्हणा. खोटी दिवाळी सांगू नका. जाण्याआधी गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन वर्ग चालवावा, म्हणजे तुमची खुर्ची रिकामी झाली तरी फळा पुसलेला राहणार नाही. दहा दिवसांची शिबिरे बंद करा, असे मी म्हणत नाही. त्यांचा उपयोग होतो, पण तो शिबिरार्थ्यांना. तेवढे कबूल करावे.

एवढे सगळे मी त्या मुलीला सांगितले. तिने वहीत आधी पाच आकडे लिहून घेतले आणि 'नालुंग' दोनदा म्हणून पाहिले. वडील बाजूला बसले होते. म्हणाले, "सर, बाकी सारं ठीक आहे. पण पूल बुडाला अन्‌ इकडं काही झालं, तर पोरगी येईल कशी?"

मी म्हणालो, "नाही येणार. पाणी उतरल्यावर येईल. तिथल्या सगळ्यांचं तसंच आहे."

ते बराच वेळ गप्प बसले. मग विचारले, "अन्‌ पाणी उतरायला किती दिवस लागतात म्हणता?"